आकड्यापासून निर्णयापर्यंत : सांगलीच्या पूरव्यवस्थापनाचा प्रकरण अभ्यास

जुलै उजाडला की सांगलीत "आयर्विनला किती?" हा प्रश्न दुकानात, एसटी स्थानकावर, कचेरीत सारखा कानावर पडतो. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ साली, संस्थानी काळात उभा राहिला. आज त्याच्याजवळ मोजली जाणारी पाणीपातळी हाच शहराच्या पुराचा मापदंड आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी येथे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. २००५ च्या महापुरात ही पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली, ऑगस्ट २०१९ मध्ये तिने ५७ फूट ओलांडले आणि जुलै २०२१ मध्ये ती सुमारे ५५ फुटांपर्यंत पोहोचली. सोळा वर्षांत तीन महापूर, तोच पूल, त्याच पेठा आणि त्याच सरकारी यंत्रणा, असा योग सार्वजनिक प्रशासनाच्या अभ्यासकाला क्वचित मिळतो. एखादी यंत्रणा आकड्यांवरून शिकली की नाही, हे पडताळण्याची संधी या तीन पुरांनी दिली आहे.

शासकीय कार्यालयांत आकड्यांची वानवा कधीच नव्हती. पावसाची नोंद, धरणातील साठा, नदीची पातळी हे सारे ब्रिटिश अमदानीपासून नोंदवह्यांत उतरत आले आहे. मात्र यातील बहुतेक आकडे वरिष्ठांना अहवाल सादर करण्यासाठी आणि पुढे चौकशी लागलीच तर खुलासा देण्यासाठी ठेवले जात. खुलाशासाठी ठेवलेला आकडा घटना घडून गेल्यावर उपयोगी पडतो, तर निर्णयासाठी ठेवलेला आकडा घटना घडण्याआधी कोणाच्या तरी हातात असावा लागतो. पहिल्या प्रकारच्या आकड्याकडून दुसऱ्या प्रकारच्या आकड्याकडे जाणे, म्हणजे माहितीवर चालणारी कार्यसंस्कृती असे मी मानतो, आणि सांगलीच्या पूरव्यवस्थापनात जे जे नवे घडले ते या एका स्थित्यंतरातून घडले, असे या प्रकरणावरून दिसते.

धरणे एका जिल्ह्यात, पूर दुसऱ्या जिल्ह्यात

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाईजवळ धोम धरणात अडते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला घेऊन पुढे निघते आणि बहे, ताकारी, भिलवडी अशी वळणे घेत सांगलीत येते. शहराच्या खालच्या अंगाला हरिपूरजवळ तिला वारणा मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. हा सगळा टप्पा सपाट आहे. वारणा आणि पंचगंगा भरून वाहू लागल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव उरत नाही आणि फुगवटा मागे सांगलीपर्यंत येतो. म्हणूनच येथील पूर डोंगराळ भागातल्या पुरासारखा धडकत नाही. तो इंचाइंचाने चढतो आणि उतरायलाही दिवस घेतो. नदीने काठ सोडले की पाणी रुंदावत जाते आणि पुढच्या प्रत्येक फुटाला आधीच्या फुटापेक्षा कितीतरी अधिक पाणी लागते. पुलावरचा ३० व्या फुटानंतरचा एक फूट आणि ५० व्या फुटानंतरचा एक फूट हे मोजपट्टीवर सारखे दिसतात, पण त्यामागचे पाणी सारखे नसते.

या नदीचा कारभार मात्र अनेक हातांत वाटलेला आहे. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणे सातारा जिल्ह्यात आहेत. वारणा धरण चांदोलीला, शिराळा तालुक्यात आहे. पंचगंगेचे पाणी कोल्हापूर जिल्ह्यातून येते. पुढे हिप्परगीचा बंधारा आणि अलमट्टी धरण कर्नाटकात आहेत. पाणी जलसंपदा विभाग मोजतो, माणसे हलवण्याचे आदेश जिल्हाधिकारी कार्यालय देते, शहरातील गल्लीबोळ महापालिका सांभाळते, गावातील माणसांची आणि जनावरांची गणती तलाठी, ग्रामसेवक आणि पशुवैद्यकीय दवाखान्याकडे असते. पाटण तालुक्यातील पाथरपुंजचेच उदाहरण पाहावे. हे गाव प्रशासकीयदृष्ट्या सातारा जिल्ह्यात मोडते, पण तेथे कोसळणारा प्रचंड पाऊस वारणेच्या जलाशयात, म्हणजे सांगली जिल्ह्यात उतरतो. महाबळेश्वरचा पाऊस तर कृष्णा, कोयना, वेण्णा अशा निरनिराळ्या नद्यांत वाटला जातो आणि काही भाग सावित्रीतून कोकणात निघून जातो. तेव्हा "महाबळेश्वरला अमुक मिलिमीटर पाऊस" एवढ्या बातमीवरून कोणत्या धरणात किती पाणी येणार, हे ठरत नाही. तालुका आणि मंडळाच्या सीमांनुसार लिहिलेला पाऊस पाणलोटाच्या सीमांनुसार पुन्हा मांडावा लागतो. ऐकायला हे काम किरकोळ वाटते, पण पूर्वीच्या पद्धतीत ते कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

हिशेबाची बाजू

विषय समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. दर सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिल्यास एक टीएमसी पाणी जाते, आणि १ लाख क्युसेकने एका दिवसात सुमारे ८.६ टीएमसी.

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी असून पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. हे सर्व क्षेत्र घाटमाथ्याचे आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जमीन आधीच पाण्याने तुडुंब झालेली असताना, या संपूर्ण क्षेत्रावर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि जवळजवळ सगळा वाहून आला, तर जलाशयात साडेनऊ टीएमसीच्या आसपास पाणी जमा होते. धरणात १० टीएमसी जागा मोकळी असेल, तर १ लाख क्युसेकची आवक एक थेंबही न सोडता सुमारे २८ तास अडवून धरता येते. हे २८ तास म्हणजे सांगलीतील दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांसारख्या सखल वस्त्यांना सामान हलवण्यासाठी मिळालेली सवड होय. सांगलीपर्यंतचे नदीचे अंतर लक्षात घेता या सवडीचे मोल आणखी वाढते.

मग आधीच जागा मोकळी का करून ठेवू नये, असा प्रश्न दरवर्षी सभांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर दोन अडचणींत आहे. पहिली अडचण यांत्रिक आहे. पायथा वीजगृहातून सोडले जाणारे २,१०० क्युसेक दिवसाला टीएमसीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी पाणी नेतात, आणि सांडव्याच्या वक्राकार दरवाज्यांतून पाणी सोडायचे तर जलाशय सांडव्याच्या माथ्यावर चढलेला असावा लागतो. दुसरी अडचण निर्णयाची आहे. जुलैत मोकळी केलेली जागा सप्टेंबरात भरली नाही तर वीज आणि सिंचन दोन्ही तुटतात, आणि त्या तुटीचा जाब ज्या अभियंत्याने दरवाजे उघडले त्याला द्यावा लागतो. पूर आल्यास दोष पावसाचा आणि धरण रिकामे राहिल्यास दोष माणसाचा, अशी जबाबदारीची वाटणी असेल तर कोणताही शहाणा अधिकारी धरण भरून ठेवण्याकडेच झुकेल. ही वाटणी बदलायची तर निर्णयामागे विश्वासार्ह अंदाज हवा आणि तो अंदाज निर्णय घेणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे वाटून घेणारा हवा. माहितीवर चालणारी कार्यसंस्कृती नवे प्रयोग करायला बळ देते ती नेमकी या ठिकाणी.

२००५ नंतरची घडण

२००५ च्या महापुरात धरणांवरची माहिती दूरध्वनीवरून आणि बिनतारी संदेशांतून येत असे, पाऊस बहुतेक ठिकाणी सकाळी एकदा मोजला जात असे आणि एका धरणावरच्या निर्णयाचा दुसऱ्या धरणाच्या विसर्गाशी मेळ घालण्याची सोय तोकडी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात माहितीचा अधिकार अधिनियम अमलात आला आणि डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. पहिल्याच्या कलम ४ ने कार्यालयांवर आपणहून माहिती जाहीर करण्याचे कर्तव्य टाकले. दुसऱ्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची चौकट दिली. पुराशी थेट संबंध नसलेल्या पहिल्या कायद्याचा पुढे पूरव्यवस्थापनावर बराच परिणाम झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. धरणांचा रोजचा साठा आणि विसर्ग ही कचेरीची अंतर्गत बाब न राहता जनतेला मिळालीच पाहिजे अशी गोष्ट आहे, ही जाणीव याच काळात पक्की झाली.

यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पातळीमापक बसवण्यात आले. त्यांची माहिती थेट पुण्यापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा आणि तिच्या जोडीला नदीप्रवाहाचा अंदाज वर्तवणारे संगणकीय प्रारूप उभे राहिले. पुढे कृषी विभागाच्या महावेध प्रकल्पातून राज्यात २ हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आली. कोयना, नवजा आणि महाबळेश्वर येथील पावसाचे आकडे सातारकर आणि सांगलीकर वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आले होते. आता त्या तीन नावांपलीकडचा पाऊसही दिसू लागला.

२०१९ : यंत्रे होती, कल्पना तोकडी पडली

या प्रकरणाचा गाभा २०१९ मध्ये आहे. जुलैच्या अखेरीस घाटमाथ्यावर सुरू झालेला जोर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकला. धरणे भरली, विसर्ग वाढला, धरणांखालच्या मुक्त पाणलोटातील पाणी त्यात मिसळले, वारणा आणि पंचगंगा एकाच वेळी फुगल्या. सांगलीत हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक, गणपती पेठ असा शहराचा जुना व्यापारी भाग पाण्याखाली गेला. हळदीच्या या पेठेतील मालाची आणि दप्तरांची जी नासाडी झाली, तिच्या खुणा भिंतींवर बरीच वर्षे राहिल्या. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले.

त्या वेळी आकडे उपलब्ध नव्हते, असे म्हणता येत नाही. पुलावरची पातळी कळत होती, धरणांचे विसर्ग जाहीर होत होते, हवामान खात्याचे इशारे येत होते. तरीही असंख्य कुटुंबे घरातच थांबली. त्यांचे उत्तर एकच होते : "२००५ ला पाणी इथपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येणार नाही." हे उत्तर अडाणीपणाचे नव्हते, तर अनुभवाचे आणि एका अर्थी आकड्याचेच होते. लोकांनी १४ वर्षे एक मोजमाप मनात जपून ठेवले होते आणि त्यावरून सामान माळ्यावर चढवायचे की घर सोडायचे हे ठरवले. चूक एवढीच झाली की नोंदलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याला त्यांनी शक्य असलेला सर्वांत मोठा आकडा मानले. नियोजनाचा कलही त्याच बाजूला होता. मागच्या पुराची पातळी हा तयारीचा माथा ठरला आणि तो माथा तीन फुटांहून अधिक ओलांडून पाणी गेले.

आकड्यांवर श्रद्धा ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेत हा धोका असतो. जुनी आकडेवारी जितकी चोख, तितका तिच्याबाहेर विचार करण्याचा कंटाळा. पूररेषांचे उदाहरण येथे बोलके आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकाम निषिद्ध असते, दोन रेषांमधील पट्ट्यात ते नियंत्रित असते. पण या रेषा ज्या पुरांच्या नोंदींवरून निघतात, त्या नोंदींतच २०१९ नसेल, तर नकाशावरची रेषा आणि भिंतीवरची ओल यांचा मेळ बसत नाही. शहराचे विकास आराखडे मात्र नकाशावरच्या रेषेवर चालतात. सखल भागांत आणि नाल्यांच्या काठांनी झालेली बांधकामे याच दरीतून वाढली. सांगलीत नदीचे पाणी काठ ओलांडण्याच्याही आधी नाल्यांतून उलटे शहरात शिरते, आणि नाल्यांच्या तोंडांची पातळी पुलाच्या मोजपट्टीशी जोडून पाहण्याचे काम नगररचनेचे की पाटबंधाऱ्यांचे, हे ठरलेले नसते.

ब्रह्मनाळच्या दुर्घटनेकडेही मी माहितीच्या अंगाने पाहतो, आणि तसे पाहताना तेथे गेलेल्या माणसांचा विसर पडू नये असे मनापासून वाटते. नदीची पातळी किती वाढणार, हा जलसंपदा विभागाचा आकडा. ती पातळी आल्यास गावाचा कोणता रस्ता आधी बुडणार, हा ग्रामपंचायतीला ठाऊक असलेला तपशील. गावात वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया किती, हे आशा सेविकेच्या वहीत. जनावरे किती, हे पशुवैद्यकीय दवाखान्याकडे. बोट किती आणि ती किती भाराची, हे कोणाकडे असावे याचाच पत्ता नाही. हे पाच आकडे एका कागदावर, पाणी यायच्या आधी, एकत्र आले तर रस्ता बुडण्यापूर्वीच किती माणसे बाहेर काढावी लागतील आणि उरलेल्यांसाठी किती बोटी लागतील, हे साध्या बेरीज-वजाबाकीने सांगता येते. ही मांडणी करायला महागडे संगणक लागत नाहीत. पाच कार्यालयांनी आपापली वही एका टेबलावर ठेवायला तयार होणे मात्र लागते, आणि सरकारी व्यवस्थेत ते संगणक विकत घेण्यापेक्षा अवघड असते.

निरंक

माहितीवर चालणारी कार्यसंस्कृती कशाने बनते, हे एका छोट्या तपशिलातून चांगले दिसते. सरकारी अहवालात सांगण्यासारखे काही नसेल तेथे "निरंक" लिहिण्याची रीत आहे. पावसाच्या रकान्यात निरंक म्हणजे पाऊस पडला नाही. आता घाटमाथ्यावरच्या एखाद्या स्वयंचलित केंद्राकडून रात्री दोनपासून पहाटे सहापर्यंत काहीच आले नाही, असे समजू. आठवडाभर ढग असल्याने सौरपट्टीवर चालणारी बॅटरी उतरली असेल, मोबाइलचा मनोरा बंद पडला असेल किंवा खरोखरच पाऊस थांबला असेल. या तिन्ही शक्यता पडद्यावर सारख्याच दिसतात : रकाना रिकामा. तो रिकामा रकाना कोणी शून्य म्हणून पुढे पाठवला, तर मुसळधार पावसाच्या ऐन वेळी अंदाजाचे प्रारूप कोरड्या रात्रीचे उत्तर देईल. केंद्रे बहुधा बंद पडतात ती नेमकी अतिवृष्टीत, म्हणजे त्यांची गरज सर्वाधिक असते तेव्हाच.

म्हणून मोजपट्टी हाताने वाचणाऱ्या माणसाची जागा यंत्राने पूर्णपणे घेता कामा नये. पावसात, अंधारात, बॅटरीच्या झोतात पुलाच्या खांबावरचा आकडा वाचून, वेळ लिहून तो कळवणारा कर्मचारी हा या साखळीचा शेवटचा नव्हे, पहिला दुवा आहे. त्याने "दिसत नाही" असे कळवले तर तेही मोलाचे उत्तर आहे, कारण ते निरंक नाही. "माहिती आली नाही" हा स्वतंत्र शेरा ज्या कार्यालयात लिहिता येतो आणि लिहिणाऱ्यास त्याबद्दल बोलणी खावी लागत नाहीत, त्या कार्यालयातील इतर आकड्यांवरही विश्वास ठेवता येतो. कनिष्ठ कर्मचाऱ्याला वाईट किंवा अपुरी बातमी वर पाठवताना भीती वाटत असेल, तर वरच्या पडद्यावरची रंगीत आलेखचित्रे कितीही देखणी असली तरी निर्णय चुकणारच.

२०२१ : काय बदललेले दिसले

२२ आणि २३ जुलै २०२१ ला महाबळेश्वर येथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली, आणि त्या दुःखाची सावली त्या वर्षीच्या सगळ्या आकडेवारीवर आहे. सांगलीत पाणी झपाट्याने चढले आणि सुमारे ५५ फुटांवर गेले. २०१९ पेक्षा ही पातळी कमी असली, तरी २००५ पेक्षा अधिक होती.

या वेळी स्थलांतराला प्रतिसाद वेगळा मिळाला. लोक आधी निघाले आणि बऱ्याच ठिकाणी जनावरांसह निघाले. जनावरांचा मुद्दा शहरी वाचकाला दुय्यम वाटेल, पण नदीकाठच्या गावांत माणूस घर सोडत नाही तो पुष्कळदा दावणीला बांधलेल्या म्हशीसाठी. जनावरांची सोय कोठे आणि वैरण कोणाकडून, याचे उत्तर आधी दिले की स्थलांतराचा निम्मा प्रश्न सुटतो, हे २०१९ ने शिकवले होते. नव्या कल्पना कोठून येतात याचे हे ठळक उदाहरण आहे. "किती लोक घरातच थांबले" एवढे मोजून भागत नाही. "का थांबले" हे नोंदवले गेले तरच पुढचा उपाय सुचतो.

माहिती देण्याची पद्धतही बदलली होती. सांगलीत पावसाळ्यात निघणाऱ्या दैनंदिन पत्रकात धरणांचा साठा, विसर्ग आणि कराडच्या कृष्णा पुलापासून शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधाऱ्यापर्यंतच्या पातळ्या फूट-इंचांत आणि महत्त्वाच्या ठिकाणी शेजारी कंसात इशारा पातळी अशी मांडणी असते. वाचणाऱ्याला नदीचा प्रवास वरून खाली एका नजरेत दिसतो. कराड आणि बहे येथे पातळी उतरू लागली पण भिलवडीला अजून चढतेच आहे, असे दिसले की सांगलीत पाणी उतरायला अजून अवकाश आहे, हे ओळखायला कोणत्याही अधिकाऱ्याची गरज उरत नाही. धरणाबद्दलच्या अफवा प्रत्येक पुरात उठतात. वेळ घालून प्रसिद्ध केलेला अधिकृत आकडा हा त्यांवरचा मला माहीत असलेला सर्वांत परिणामकारक उतारा आहे. महापालिकेच्या पातळीवर पुलावरची अमुक फूट पातळी म्हणजे अमुक वस्ती, असा संबंध जोडून आधीच सूचना देण्याची रीत रुळली. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त नवकल्पना हीच आहे. "५० फूट" या आकड्याचा अर्थ "माझ्या दारात गुडघाभर" असा झाला की माणूस हलतो.

त्याच वर्षी जूनमध्ये, पुराच्या महिनाभर आधी, तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बंगळूरला जाऊन कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्याशी विसर्गाच्या समन्वयावर चर्चा केली होती. पावसाळ्याआधी बसून ठरवणे आणि पूर आल्यावर एकमेकांना पत्रे लिहिणे, यांतला फरक त्या हंगामात जाणवला.

अलमट्टीचा वाद आणि आकड्यांची मर्यादा

२०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिने २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टी हे पुराचे मुख्य कारण असून अलमट्टी आणि हिप्परगी येथे अडवलेल्या पाण्याच्या फुगवट्यामुळे सांगली-कोल्हापुरात पूर आला, हा पूरग्रस्त भागातला आक्षेप खरा म्हणता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. नदीपात्रातील आणि पूरपट्ट्यातील अतिक्रमणांवरही तिने बोट ठेवले. पण हा निष्कर्ष पूरग्रस्त भागात बहुतेकांना पटला नाही, आजही पटलेला नाही. अलमट्टीची क्षमता १२३ टीएमसी आणि पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याच्या कर्नाटकच्या योजनेला २०२५ मध्ये राज्य शासनानेही विरोध नोंदवला.

हा वाद कोणाच्या बाजूने सुटावा हे ठरवणे या अभ्यासाचे काम नाही. त्यातून दिसणारी बाब अशी की निष्कर्ष कितीही शास्त्रीय असला तरी ज्या आकड्यांवरून तो काढला ते पूरग्रस्ताला स्वतः पडताळता आले नाहीत, तर तो त्याच्यासाठी आणखी एक सरकारी मत ठरतो. अलमट्टीची तासातासाची पातळी, हिप्परगीचे दरवाजे कधी किती उघडले, राजापूर बंधाऱ्यावरची पातळी आणि आयर्विनची पातळी या चार मालिका एकाच कालरेषेवर मांडून, तीनही पुरांसाठी, कोणालाही उतरवून घेता येतील अशा खुल्या केल्या, तर सांगलीत हे आकडे तपासू शकणारे निवृत्त अभियंते, महाविद्यालयीन प्राध्यापक आणि जाणते शेतकरी पुष्कळ आहेत. त्यांनी समितीचे म्हणणे खोडून काढले तर चर्चा पुढे जाईल, आणि मान्य केले तर त्यांचा शब्द गावात समितीपेक्षा अधिक चालेल. २०१२ चे केंद्र शासनाचे माहिती खुली करण्याचे धोरण याच दिशेचे आहे. आंतरराज्य नद्यांच्या बाबतीत मात्र न्यायाधिकरणे आणि न्यायालये यांच्या धास्तीने दोन्ही राज्ये आकडे हातचे राखून बोलतात.

राहिलेली कामे

नदीचे आडवे छेद पुन्हा मोजणे हे पहिले काम. प्रवाहाचे प्रारूप नदीच्या तळाच्या ज्या मोजमापांवर चालते, ती मोजमापे तीन महापुरांनंतर तशीच राहिली असतील असे मानता येत नाही. कोठे गाळ साचला, कोठे काठ खचला, कोठे पूल आणि भराव उभे राहिले. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने कृष्णा खोऱ्यातील पूरनियंत्रणाचा जो कार्यक्रम हाती घेतला आहे, त्यात बांधकामांइतकेच वजन या मोजणीला मिळायला हवे. बांधकाम दिसते, मोजणी दिसत नाही, आणि दिसत नसलेल्या कामाला निधी मिळवणे कठीण असते, हे मान्य करूनच तसा आग्रह धरावा लागेल.

दुसरे काम पैशांचे नाही. धरणावरचा प्रत्येक मोठा निर्णय एका नोंदीत उतरला पाहिजे : दिनांक आणि वेळ, त्या क्षणी जलाशयाची पातळी, आवक, पुढच्या ७२ तासांचा पावसाचा अंदाज, प्रारूपाने सुचवलेला विसर्ग, प्रत्यक्षात सोडलेला विसर्ग, दोन्हींत फरक असल्यास त्याचे एका ओळीतले कारण, आणि तीन दिवसांनी भरायचा शेवटचा रकाना, की आयर्विनला पाणी प्रत्यक्षात किती आले. अशा नोंदी हंगामाच्या शेवटी, ऑक्टोबरात, सातारा, सांगली आणि कोल्हापूरचे अभियंते, जिल्हा प्रशासन आणि महापालिका यांनी एकत्र बसून वाचाव्यात, आणि अंदाज चुकला म्हणून कोणावर ठपका ठेवण्याचा अधिकार त्या बैठकीला नसावा. कारण ठपक्याच्या भीतीने नोंद होईल ती पुन्हा खुलाशासाठीच होईल. पहिल्या दोन-तीन हंगामांत या रकान्यांतून मोठे शहाणपण निघणार नाही. पाच-सहा पावसाळ्यांच्या नोंदी साठल्या की घाटावरचा अंदाज कोणत्या प्रकारच्या पावसात कमी पडतो, कोणत्या धरणावर दरवाजे उशिरा उघडण्याची सवय आहे, मुक्त पाणलोटातले पाणी भिलवडीला किती तासांत पोहोचते, हे निवृत्त होणाऱ्या अभियंत्याच्या डोक्यातून उतरून कार्यालयाच्या मालकीचे होईल. यंदाच्या हंगामासाठी ही नोंदवही एका धरणावर, कोयनेवर, सुरू केली तरी पुरे.